वापरलेल्या खाद्यतेलाचा जागतिक बाजार कसा चालतो, आणि आपल्याकडील संकलकाला त्यात जागा आहे का?

आपण विचारले आहे की तळणीचे वापरलेले तेल जैवइंधनासाठी परदेशात चढ्या भावाने विकले जाते हे खरे आहे का, हा व्यवहार नेमका कसा चालतो, आणि आपल्या जिल्ह्यातील उपाहारगृहांकडून असे तेल गोळा करण्याचा व्यवसाय सुरू करावा का. मी याच मालाच्या खरेदीचे काम करतो, त्यामुळे पुढील माहिती खरेदीदाराच्या बाजूने दिलेली आहे असे समजावे.

हा बाजार कायद्याने उभा केला आहे, हे प्रथम लक्षात घ्यावे लागते. वापरलेल्या तेलापासून केलेले डिझेल खनिज डिझेलपेक्षा महाग पडते आणि सक्ती किंवा सवलत नसेल तर ते कोणीही घेणार नाही. युरोपीय संघाच्या २०१८ च्या नवीकरणीय ऊर्जा निर्देशानुसार वाहतुकीच्या इंधनात ठरावीक हिस्सा नवीकरणीय असावा लागतो, आणि वापरलेले खाद्यतेल व प्राण्यांची चरबी यांपासून केलेल्या इंधनाची ऊर्जा त्या हिशेबात दुप्पट धरण्याची मुभा सदस्य देशांना मिळाली. शिवाय हे तेल टाकाऊ मानले जात असल्याने, ते गोळा होईपर्यंतचे कार्बन उत्सर्जन शून्य धरले जाते. म्हणून ताज्या सोयाबीन किंवा मोहरीच्या तेलापेक्षा काळपट, गाळ असलेल्या तेलाचे इंधन कायद्याच्या तराजूत जड ठरते. याच निर्देशाने अशा इंधनाच्या हिश्श्यावर १.७ टक्क्यांची मर्यादाही घातली, कारण जगात टाकाऊ तेल मर्यादित आहे आणि मागणी वाढली की खोटा माल येणार, ही भीती तेव्हाही होती.

ती भीती रास्त होती. ताज्या पामतेलात थोडे वापरलेले तेल मिसळले, किंवा ताजे तेलच काही वेळ तापवले, तर प्रयोगशाळेतील तपासणीने ते खात्रीने ओळखता येत नाही. आम्लता, पाणी, गाळ आणि गंधक यांचे आकडे मालाची प्रत सांगतात, त्याचा उगम सांगत नाहीत. त्यामुळे या व्यापारात तेलाबरोबर, किंबहुना तेलाआधी, विकला जातो तो उगमाचा पुरावा. जर्मनीतील आयएससीसी ही प्रमाणन व्यवस्था यात सर्वांत जास्त वापरली जाते. तिच्यात उपाहारगृह हा उगमबिंदू मानला जातो. तो स्वतःचे घोषणापत्र देतो, संकलकाची लेखातपासणी होते, आणि पुढे प्रत्येक खेपेबरोबर शाश्वततेचे घोषणापत्र एका हातातून दुसऱ्या हातात जाते. टाक्यांमध्ये वेगवेगळा माल एकत्र झाला तरी चालतो, मात्र जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या हिशेबात जेवढा प्रमाणित माल आत आला, तेवढाच प्रमाणित म्हणून बाहेर जावा लागतो.

या साखळीचा कच्चा दुवा अगदी सुरुवातीला आहे. नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या बंदरातील टाकीवर अनेक डोळे असतात. आशियातील एखाद्या शहरात शेकडो लहान दुकानांतून डबे उचलणाऱ्या माणसाच्या वहीवर जवळजवळ कोणाचेही नसतात. मलेशियात सरकारी अनुदानाचे एक किलो तेल २.५० रिंगिटला मिळते, आणि निर्यातीचा भाव वर गेला की वापरलेले तेल ताज्या तेलापेक्षा महाग विकले जाऊ शकते. अशा वेळी ताजे तेलच ‘वापरलेले’ म्हणून पुढे पाठवण्याचा मोह किती असेल हे सांगायला नको. जंगलतोडीशी जोडले गेलेले पामतेल जैवइंधनातून २०३० पर्यंत बाहेर काढायचे असे युरोपने ठरवले आणि त्याच वेळी ते मागच्या दाराने परत येण्याची वाट मोकळी राहिली, ही मला या धोरणातील सर्वांत गंभीर त्रुटी वाटते. उगमाशी वजन मोजण्याची सोय आधी आणि दुप्पट मोजणी नंतर, असा क्रम असायला हवा होता.

प्रत्यक्ष मालाचा प्रवास तुलनेने सोपा आहे. दुकानातून डबे किंवा ड्रम, मग संकलकाचे गोदाम, तेथे गाळणे आणि पाणी खाली बसू देणे, त्यानंतर टँकर किंवा वीस फुटी कंटेनरमध्ये बसवलेली फ्लेक्सिटँक (द्रव भरण्याची मोठी लवचिक पिशवी), ज्यात साधारण वीस टन तेल मावते. पुढे दोन वाटा फुटतात. जुन्या पद्धतीत मिथेनॉलशी अभिक्रिया करून बायोडिझेल बनते आणि ग्लिसरीन वेगळे होते. हे इंधन युरोपातील सामान्य डिझेलमध्ये सात टक्क्यांपर्यंतच मिसळता येते आणि थंडीत घट्ट होते. नव्या पद्धतीत हायड्रोजनच्या साहाय्याने तेलातील ऑक्सिजन काढून टाकतात, आणि जे मिळते ते रासायनिकदृष्ट्या खनिज डिझेलसारखेच असते. फिनलंडच्या नेस्टे या कंपनीचे सिंगापूर आणि रॉटरडॅम येथील मोठे कारखाने या दुसऱ्या पद्धतीचे आहेत. याच वाटेने विमानाचे इंधनही करता येते, आणि पुढील मागणी मुख्यतः तिथूनच येणार आहे: युरोपीय संघाच्या विमानतळांवर २०२५ पासून २ टक्के आणि २०३० पासून ६ टक्के शाश्वत इंधन पुरवणे बंधनकारक आहे, आणि त्यात अन्नपिकांपासून केलेले इंधन चालत नाही.

धोरणाचे एक पान उलटले की जहाजांची दिशा कशी बदलते, हे गेल्या काही वर्षांत स्पष्ट दिसले. अमेरिकेने २०२३ मध्ये सुमारे १४ लाख टन वापरलेले तेल आयात केले. हे प्रमाण आधीच्या वर्षाच्या तिपटीहून अधिक होते आणि त्यातील निम्म्याहून जास्त माल चीनचा होता. आपल्या तेलाची मागणी घटते म्हणून अमेरिकेतील सोयाबीन शेतकऱ्यांनी ओरड केली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये युरोपीय संघाने चिनी बायोडिझेलवर तात्पुरते आणि २०२५ च्या फेब्रुवारीत अंतिम अँटी-डंपिंग शुल्क (अवाजवी कमी भावाने येणाऱ्या आयातीवरील जादा कर) लावले, ज्यातून विमानाचे इंधन वगळले. मधल्या काळात चीनने १ डिसेंबर २०२४ पासून वापरलेल्या तेलाच्या निर्यातीवरील १३ टक्के करपरतावा बंद केला, म्हणजे कच्चा माल बाहेर पाठवण्यापेक्षा देशातच इंधन करण्याकडे कल वळवला. २०२५ मध्ये अमेरिकेने इंधन उत्पादकांना मिळणाऱ्या नव्या करसवलतीतून आयात केलेले वापरलेले तेल वगळले. या निर्णयांपैकी एकाचाही संबंध तेलाच्या गुणवत्तेशी नव्हता, पण प्रत्येक निर्णयाने संकलकाला मिळणारा भाव हलवला. त्यामुळे परदेशी भावाचा आजचा आकडा पाहून पाच वर्षांचे कर्ज काढणे मला धोक्याचे वाटते.

आता आपल्याकडची स्थिती. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार १ जुलै २०१८ पासून ज्या तेलातील ध्रुवीय घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणारी द्रव्ये) २५ टक्क्यांच्या वर गेले ते स्वयंपाकात वापरता येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी १०० शहरांत अशा तेलापासून केलेले बायोडिझेल विकत घेण्याची योजना जाहीर केली आणि पहिल्या वर्षासाठी लिटरला ५१ रुपये भाव ठेवला. २०१८ च्या जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेलचे लक्ष्य आहे, पण इथेनॉलने जी मजल मारली तिच्या जवळपासही बायोडिझेल पोहोचलेले नाही. याचे कारण सरळ आहे. उसाची मळी साखर कारखान्यात एका जागी मिळते. वापरलेले तेल हजारो कढयांत विखुरलेले असते. शिवाय आपल्याकडील बहुतेक लहान दुकानांत तेल टाकले जातच नाही, त्याच कढईत नवे ओतून ते पुरे होईपर्यंत वापरले जाते. जे उरते त्याला साबणवाले गिऱ्हाईक असतात, आणि स्वस्तात घेऊन ते पुन्हा हातगाड्यांना विकणारेही असतात. आपली खरी स्पर्धा या शेवटच्या खरेदीदाराशी होईल, कारण तो रोख देतो आणि कागद मागत नाही. लोकांच्या पोटात जाणारे हे तेल अडवणे, हेच या व्यवसायाचे सर्वांत मोठे मोल आहे असे मी मानतो.

म्हणून माझा सल्ला असा आहे. लहान दुकानांपासून सुरुवात करू नये. फरसाण व वेफर्स बनवणारे कारखाने, मोठी हॉटेले, कंपन्यांची उपाहारगृहे आणि केटरर्स यांच्याकडे ठरावीक दिवशी ठरावीक माल निघतो, त्यांच्याशी लेखी करार करावा. यंत्रसामग्री आधी घेऊ नये. पहिल्या दिवसापासून प्रत्येक डब्याचे वजन, तारीख, दुकानाचा परवाना क्रमांक आणि सहीची पावती ठेवावी, कारण प्रमाणनासाठी नंतर मागचा हिशेब तयार करता येत नाही आणि तसा तयार केलेला हिशेब लेखापरीक्षकाच्या लक्षात येतो. विक्रीसाठी निर्यातीऐवजी देशातील बायोडिझेल उत्पादकांशी बोलावे. इंडियन ऑइलच्या पानिपत येथील शुद्धीकरण कारखान्याला २०२५ मध्ये वापरलेल्या तेलापासून विमानाचे इंधन करण्यासाठी प्रमाणन मिळाले आहे, आणि भारताने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ पासून १ टक्का मिश्रणाचे लक्ष्य ठेवले आहे. आपल्या जिल्ह्यातून महिन्याला किती टन माल पावतीसह मिळू शकतो हा आकडा कळवलात, तर वाहतुकीचा खर्च भागेल की नाही याचा हिशेब मी करून देऊ शकेन.