भावाला घेऊन नागोया: आधी खुर्ची, मग तिकीट

ताई, तुम्ही विचारलंय की २०२६ च्या ऑक्टोबरात जपानमधल्या नागोयाला पॅरा आशियाई खेळ (अपंग खेळाडूंचे) बघायला भावाला घेऊन जायचंय, भाऊ व्हीलचेअरवर, बेळगावजवळच्या खानापूरहून निघणार, घरातलं कुणी आजवर परदेशात गेलेलं नाही, तर हे जमण्यासारखं आहे का आणि सुरुवात कुठनं करायची. जमतंय की! आम्ही २०२४ ला पॅरिसला पॅरालिम्पिक बघून आलो, मी आणि माझा मामेभाऊ, तोही खुर्चीवरच, झाडावरनं पडल्यापासनं कमरेखाली ताकद नाही. दोघांचे मिळून साडेचार लाखाच्या आसपास गेले, त्यातले निदान पन्नास हजार निव्वळ आमच्या अडाणीपणाचे. तेवढे तुमचे वाचावेत म्हणून जरा लांबण लावतोय.

सगळे आधी तिकिटाचं विचारतात. तुम्ही आधी खुर्चीचं बघा. विमानाचं बुकिंग करताना, नाहीतर निदान ४८ तास आधी, एअरलाइनला कळवायचं की प्रवासी व्हीलचेअरवाला आहे. त्यात तीन कोड असतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे माणूस जिना चढू शकतो, फक्त लांब चालवत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिना जमत नाही. आणि डब्ल्यूसीएचसी म्हणजे थेट सीटपर्यंत न्यावं लागतं. आपल्याकडचे एजंट डोळे झाकून पहिला कोड टाकतात, मग विमानाच्या दारात शिडी लागली की सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसतात. तुमच्या भावाला उभं राहता येत नसेल तर शेवटचा कोड घाला आणि तिकिटावर तो खरंच आलाय का ते स्वतः वाचा. स्वतःची खुर्ची विमानाच्या दारापर्यंत वापरायला मागा, तिथनं पुढं आत न्यायला त्यांची अरुंद खुर्ची असते. बॅटरीची खुर्ची असेल तर बॅटरी कुठली, किती वॅट-अवरची, हे लेखी कळवावं लागतं, लिथियमचे नियम कडक आहेत.

आमची साधी खुर्ची पॅरिसला उतरली तेव्हा डावा फूटरेस्ट वाकलेला आणि एक बोल्ट गायब. मी बेळगावच्या उद्यमबागेत मशीनशॉपला आहे, सवयीनं चेक-इन बॅगेत ॲलन कीचा सेट, एम६ चे चार बोल्ट, एक ट्यूब आणि पंक्चरचं सामान टाकलेलं (हातातल्या बॅगेत नको, काढून घेतात), म्हणून दहा मिनिटांत काम झालं. पण मी शहाणपणा करून आधी दुरुस्ती केली आणि फोटो मागनं आठवला. तुम्ही उलटं करा. आधी फोटो, मग विमानतळ सोडायच्या आत एअरलाइनच्या काउंटरवर पीआयआर रिपोर्ट, म्हणजे सामानाच्या नुकसानीची नोंद, त्याचा नंबर घ्यायचा, आणि मग पाना. आम्हाला भरपाई मिळायला पाच महिने लागले, तीही निम्मी.

आता कागदं. इथं आपण सीमेवरचे लोक खास अडकतो. माझ्या पासपोर्टवर जन्मस्थळ बेलगाम, आधारवर बेळगावी, कारण २०१४ च्या नोव्हेंबरात सरकारी नाव बदललं. त्यात मामेभावाचा शाळेचा दाखला मराठीतनं इंग्रजीत गेलेला आणि रेशनकार्ड कन्नडमधनं, त्यामुळं चौगुलेचं एका ठिकाणी चौगला झालेलं. गावाच्या नावावरनं कुणी अडवलं नाही, आडनावावरनं मात्र मामेभावाला पासपोर्टच्या वेळी दोन खेपा पडल्या. भावाचा पासपोर्ट अजून काढायचा असेल तर ह्याच आठवड्यात सगळे दाखले शेजारी शेजारी ठेवून स्पेलिंग ताडून बघा. कन्नडमधला कुठलाही कागद लावणार असाल तर त्याचं इंग्रजी भाषांतर नोटरीकडनं करून घ्या. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) न्या, पण भरवसा डॉक्टरांच्या इंग्रजी पत्रावर ठेवा, त्यात अपंगत्व, चालू औषधं, कॅथेटर वगैरे लागत असेल तर तेही लिहून घ्या.

व्हिसाचं म्हणाल तर आम्हाला युरोपचा शेंगेन व्हिसा लागला, मे महिन्यात फी ८० युरो भरली, ११ जून २०२४ पासनं ती ९० झाली, वर ३०,००० युरोचा इन्शुरन्स सक्तीचा. तुमचं जपानचं आहे, त्याची फी आधी बघून घ्या. पण घरात मराठी बोललं तरी पत्ता कर्नाटकचा, म्हणून तुमची फाइल बेंगळुरूच्या जपानी वाणिज्य दूतावासाकडं जाणार. चंदगडच्या मामाच्या पत्त्यावर मुंबईतनं काढू असं कुणी सुचवेल, त्या नादाला लागू नका. बँक स्टेटमेंट, इन्कमटॅक्स रिटर्न, कुठल्या दिवशी कुठं मुक्काम हे नीट लावा. हॉटेल असलं बघा की जे नंतर रद्द करता येतं.

मग तिकिटं. तिकीट एका खेळाडूचं नसतं, सकाळच्या नाहीतर संध्याकाळच्या सत्राचं असतं. पॅरिसला १५ युरोपासनं तिकिटं होती, आम्ही स्वस्त बघून दोन सत्रं घेतली आणि त्यातल्या एकात भारताचं कुणीच नाही! म्हणून आधी वर्गवारी शिकून घ्या, तासाभराचं काम आहे. टी म्हणजे ट्रॅक, एफ म्हणजे फील्ड. ११ ते १३ दृष्टिहीन, २० बौद्धिक, ३१ ते ३८ सेरेब्रल पाल्सीसारखे, ४०-४१ कमी उंचीचे, ४५ ते ४७ हाताचं अपंगत्व, ५१ ते ५७ बसून खेळणारे, ६१ ते ६४ कृत्रिम पाय लावणारे. एका गटात आकडा जितका लहान तितका त्रास जास्त. खेळाडूंची यादी फार उशिरा लागते, पण वेळापत्रक आधी येतं, तेव्हा माणूस न बघता वर्ग बघून सत्र धरायचं: एफ६४ भालाफेक, एफ४६ गोळाफेक, एफ५१ क्लब थ्रो (लाकडी दांडकं फेकायचं), बॅडमिंटनचे एसएल३, एसएल४ (पायाचं अपंगत्व, पण उभं राहून खेळणारे). तसंही आशियाई स्पर्धेत आपली चंगळ असते, पॅरिसला भारताची २९ पदकं तर त्याच्या आदल्या वर्षी हांगझोऊला १११. आणि खुर्चीसाठीचं तिकीट वेगळं असतं, सोबत्याची जागा शेजारी धरून. साधं तिकीट काढून गेटवर बदलून घेऊ, हे चालत नाही.

आमचं दुसरं सत्र ४ सप्टेंबर सकाळचं, गोळाफेक एफ४६. सचिन खिलारी आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा, म्हणजे तसा आपल्या बाजूचाच पोरगा, त्याच्यासाठीच मामेभावानं हट्ट धरलेला. सकाळचं सत्र म्हणून स्टेडियम अर्धं रिकामं असेल वाटलं, तर शाळेतली फ्रेंच पोरं भरून आणलेली, कुणी काही फेकलं की किंचाळतात. सचिननं दुसऱ्याच फेकीला १६.३२ मीटर टाकला. फळ्यावर आकडा आला आणि मामेभावानं खुर्चीच्या दोन्ही चाकांवर हात आपटायला सुरुवात केली, पुढच्या फ्रेंच म्हाताऱ्यानं वळून बघितलं आणि तोही आपटायला लागला, त्याच्या पुढच्या बाकावर. मग कॅनडाचा ग्रेग स्टुअर्ट, सात फुटांवर उंच माणूस, त्यानं १६.३८ टाकला. सहा सेंटिमीटर ओ! आम्ही रुपयाची नाणी हातात धरून बघत होतो सहा सेंटिमीटर म्हणजे किती, तीन नाण्यांच्या वर जात नाही. पण रौप्य मिळालं. पॅरालिम्पिकच्या गोळाफेकीत भारतीय पुरुषाला पदक १९८४ नंतर तेव्हाच.

एक गोष्ट टीव्हीवर कळत नाही. दृष्टिहीनांची लांब उडी असली की सगळं स्टेडियम गप्प बसवतात, कारण उडी मारणारा टाळ्यांच्या नाहीतर हाकेच्या आवाजावर धावतो. आपल्या लोकांना गप्प बसणं जमत नाही, आमच्या मागं एकजण मोक्याला ‘भारत माता की’ म्हणून ओरडला आणि सगळ्या रांगेनं त्याच्याकडं असं बघितलं की आम्हीच खाली बघितलं. तुम्ही भावाला आधी सांगून ठेवा. बसून फेकणाऱ्यांत दुसरं, प्रत्येकाला चौकटीला पट्ट्यांनी बांधायला वेळ लागतो, ते कंटाळवाणं समजू नका, दुर्बीण न्या आणि कोण कुठली पट्टी कशी आवळतंय ते बघा, मला तरी फेकीइतकीच मजा त्यात आली.

फिरण्याचं सांगतो. पॅरिसच्या मेट्रोत पूर्ण व्हीलचेअरला चालेल अशी लाइन एकच, १४ नंबरची, बाकी जिनेच जिने, वर स्पर्धेपुरतं एकेरी तिकीट ४ युरो केलेलं. मोठ्या स्टेशनांवरनं खुर्चीवाल्यांसाठी मिनीबस होत्या पण आधी बुक करायच्या, हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. जपान त्या बाबतीत बरंच पुढं. ओळखीतला एकजण मे २०२४ ला कोबेला पॅरा ॲथलेटिक्सची वर्ल्ड चॅम्पियनशिप बघून आलाय, तो सांगतो स्टेशनवरचा माणूस फळी घेऊन डब्याशी येतो आणि तुम्ही उतरणार त्या स्टेशनला फोन करून ठेवतो, तिथं दुसरा फळी घेऊन उभा. नागोयाला भारतातनं थेट विमान नाही. बेंगळुरूहून नारिताला थेट आहे, तिथनं टोकियो आणि पुढं शिंकानसेन म्हणजे बुलेट ट्रेन, त्यातल्या नोझोमी गाडीनं दीड-पावणेदोन तास, खुर्चीची जागा मात्र आधी राखून ठेवायची. खानापूर ते बेंगळुरू शक्यतो एक दिवस आधी जावा, रात्रभर बसून लगेच लांबचं विमान म्हणजे भावाच्या पाठीचे हाल.

खायचं जाताना बांधून न्या. चिवडा, शेंगापोळी, चटण्या चालतात. युरोपात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळं आमचा कुंदा घरीच राहिला. जपानला फळं, भाज्या, कढीपत्ता काही नेऊ नका. झेंडा छोटा न्या, दांडा नको, आणि बॅग लहान, पॅरिसला १५ लिटरच्या वर आत घेत नव्हते.

शेवटचं, तारखा. नागोयाचे खेळ १८ ते २४ ऑक्टोबर आणि दसरा २० ला. आमच्या घरी हेच झालं, २०२४ ला गणपती ७ सप्टेंबरला, आईनं सांगितलं मूर्ती आणायला हजर पाहिजे, म्हणून ५ ला निघून आलो, आणि चतुर्थीच्याच रात्री आपल्या नवदीप सिंगनं एफ४१ भालाफेकीत ४७.३२ मीटर टाकला. आधी रौप्य, मग इराणचा खेळाडू बाद झाला म्हणून सुवर्ण, आणि आम्ही तिलकवाडीत फोनवर. तेव्हा खंडेनवमीच्या पूजेचं घरात कोण बघणार ते आत्ताच ठरवून टाका, विमानाचं बुकिंग झाल्यावर नको.

भावाची खुर्ची कुठली, फोल्डिंग की पक्क्या फ्रेमची, ते कळवा. मी बोल्टाची साइज सांगतो.