प्रश्न तुमचे: कंपनीतली जिम ओस का पडते?

प्रश्न: चाकणला आमच्या कारखान्यात दोनशेच्या आसपास कामगार आहेत. कंपनीने जिम काढली, झुंबाचा क्लास लावला. पहिला महिना गर्दी झाली, आता तेच दहा-बारा चेहरे दिसतात. व्यवस्थापन म्हणतं, बंद करा. काय करावं?
– एचआर अधिकारी, पिंपरी-चिंचवड

उत्तर: ते दहा-बारा जण जिम नसती तरी टेकडीवर गेलेच असते. बाकीच्यांचं काय अडतं ते बघा. पाळी सुटल्यावर पंधरा मिनिटांत कंपनीची बस निघत असेल, तर कपडे बदलून ट्रेडमिलवर कोण चढणार?

वर्षभरात मेडिक्लेमचा खर्च उतरेल, असं मात्र व्यवस्थापनाला सांगू नका. अमेरिकेतल्या बीजेज होलसेल क्लब या दुकानसाखळीने कामगारांसाठी राबवलेल्या आरोग्य-कार्यक्रमाचा मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दीड वर्षानंतर ‘आम्ही नियमित व्यायाम करतो’ म्हणणारे वाढले होते. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि उपचारांच्या खर्चात म्हणावा असा फरक नव्हता.

आमच्या मते व्यायाम पगारी वेळेत आणा. भोंगा झाल्यावर, काम सुरू करण्याआधी सात मिनिटं. जागच्या जागी चालणं १ मिनिट. खांदे गोल फिरवणं १०. पाठ सरळ व गुडघे किंचित सैल ठेवून कमरेतून वाकणं १०. अर्धी बैठक १०. भिंतीला हात टेकून दंड १०. टाचा उचलणं १५. मग चालणं सोडून बाकीची आणखी एक फेरी.

बिघडतं ते इथे. गुडघे ताठ ठेवून झटक्याने पायाचे अंगठे धरायला लावतात. झोपून उठल्यावर पहिला तासभर मणक्यातल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात; पहिल्या पाळीच्या माणसाला तेव्हाच असं वाकवलं तर कंबर धरते. मान गोल फिरवणं गाळाच. आकडे मोठ्याने म्हणायला लावा, म्हणजे श्वास रोखला जात नाही. जमिनीवर ऑइल सांडलेलं नको. आणि सुपरवायझर चहाचा कप घेऊन बाजूला उभा राहिला, की पंधरवड्यात सगळं थंडावतं. त्याने पहिल्या रांगेत यावं.

सुरुवातीला सर्वांचा रक्तदाब मोजा, पण रांगेतून आल्या आल्या नको. पाच मिनिटं शांत बसवा; आधी अर्धा तास चहा, विडी, तंबाखू बंद. दंड हृदयाच्या पातळीवर टेकवून एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा जास्त आला तर डॉक्टरकडे. १८०/११० किंवा वर असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही, लगेच डॉक्टर. आकडे कंपनीच्या डॉक्टरपाशीच राहावेत. ते सुपरवायझरपर्यंत पोचतात अशी कुणकुण लागली, तर पुढच्या तपासणीला निम्मे जण रजेवर असतील.

सहा दिवसांची बेरीज ४२ मिनिटं होते. जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आठवड्याला किमान १५० मिनिटांचा, तोही दम लागेल अशा हालचालीचा. म्हणून जेवणाच्या सुट्टीत आवारात दहा मिनिटं भरभर चालायला सावलीची वाट आखून द्या. कँटीनमधल्या चहाच्या मशीनकडेही बघा. त्यातल्या तयार चहाच्या पुडीत, म्हणजे प्रीमिक्समध्ये, बहुधा साखर आधीच असते, ती कमी करता येत नाही. बिनसाखरेचं प्रीमिक्स मागवून साखर बाजूला ठेवा. कपाला दोन चमचे धरले तरी चार कपांत तीसेक ग्रॅम साखर पोटात जाते.

प्रश्न: साड्यांच्या दुकानात दिवसभर उभी असते. मला वेगळा व्यायाम कशाला हवा?
– वाचक, दादर

उत्तर: नुसतं उभं राहण्याने दम वाढत नाही, पोटऱ्यांत रक्त मात्र साचतं. अर्ध्या-पाऊण तासाला २० वेळा टाचा उचला आणि गिऱ्हाईक नसताना बसायला स्टूल मागून घ्या. घरी जाताना स्टेशनपर्यंत इतकं भरभर चाला, की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही.

प्रश्न: हिंजवडीत रात्रपाळी असते. व्यायाम सकाळी घरी आल्यावर करू का?
– वाचक, वाकड

उत्तर: नको, झोप लांबते. दुपारी उठल्यावर किंवा कामावर निघण्याआधी करा. मुख्य जेवण निघण्याआधी घ्या. मध्यरात्री मूठभर फुटाणे, ताक किंवा एखादं फळ पुरे. झोपेच्या सहा तास आधीपासून कॉफी बंद. डोळे मिटत असतील तर दुचाकीला हात लावू नका, ऑफिसच्या कॅबने या.