कर्जावर उभी राहिलेली देशाची समृद्धी टिकते का?

प्रश्नाच्या तपशिलात तुम्ही लिहिलंय, 'घराला जे लागू तेच देशाला, ऋण काढून सण किती दिवस करणार?' हे वाक्य वाचलं की माझं डोकं फिरतं, म्हणून लिहायला बसलो.

घरातला कर्ता साठीला आला की बँक त्याच्या कर्जाची मुदत आवळते. देश निवृत्त होत नाही. त्यामुळे बहुतेक देश कर्ज फेडून मोकळे होतच नाहीत. जुना रोखा (सरकारने कर्ज घेताना दिलेली चिठ्ठी, म्हणजे बाँड) मुदतीला आला की नवा विकून त्याचे पैसे चुकते करतात. नेपोलियनशी झालेल्या युद्धांनंतर ब्रिटनवर राष्ट्रीय उत्पन्नाच्या दुपटीच्या आसपास कर्ज होतं, आणि त्याच शतकात तो जगातला सर्वांत बलाढ्य देश झाला. म्हणजे टिकते. नवा रोखा घ्यायला गिऱ्हाईक आहे तोवर टिकते.

हिशेब तसा सोपा आहे. कर्ज व्याजदराने वाढतं, जीडीपी (देशाचं वर्षभराचं एकूण उत्पादन) महागाई धरून आपल्या गतीने वाढतो. समजा कर्ज जीडीपीच्या ८० टक्के, व्याज ७ टक्के आणि जीडीपीची वाढ साडेदहा टक्के. व्याज वगळता बाकीचा जमाखर्च बरोबरीत ठेवला तर वर्षअखेर ८० चे साडेसत्त्याहत्तर होतात. सरकारने वर अडीच टक्क्यांची तूट केली तरी आकडा ८० वरच राहतो. आता उलटं धरा: व्याज १०, वाढ ६. तीच बरोबरी ठेवूनसुद्धा दहा वर्षांत ८० चे ११६ होतात. आहे तिथेच थांबायचं तर दरवर्षी जीडीपीच्या तीन टक्के शिल्लक टाकावी लागते, म्हणजे अनुदानं, पगार, रस्ते यांना कात्री. निवडणुका लढवणाऱ्यांना हे सलग पाच वर्षं क्वचितच जमतं.

पण या गणिताने देश हळूहळू खंगतो. एका आठवड्यात आडवा होतो तो परक्या चलनातल्या कर्जाने. श्रीलंकेत या दुखण्याची प्रत्येक पायरी तारखेनिशी दाखवता येते.

पूर्वी त्यांचं बरंचसं परकीय कर्ज सवलतीचं होतं: नाममात्र व्याज, पंचवीस-तीस वर्षांची मुदत. देश मध्यम उत्पन्न गटात गेल्यावर ती सवलत आटत गेली. मग २००७ मध्ये त्यांनी पहिला आंतरराष्ट्रीय रोखा विकला. ५० कोटी डॉलर, ५ वर्षं, सव्वाआठ टक्के. असल्या रोख्याला मासिक हप्ता नसतो. दर सहा महिन्यांनी व्याज द्यायचं आणि मुद्दल एका ठरलेल्या दिवशी एकरकमी. नंतर असे रोखे निघतच राहिले. खर्च झाला तो रस्ते, वीज, विमानतळ यांवर. महामार्गाचा टोल श्रीलंकन रुपयात जमा होतो आणि रोखेधारक डॉलर मागतो, ही मेख तेव्हा कुणाला टोचली नाही. जुलै २०१९ मध्ये जागतिक बँकेने श्रीलंकेला उच्च-मध्यम उत्पन्न गटात बसवलं. वर्षभरात परत खाली उतरवलं.

२०१९ च्या अखेरीस नव्या सरकारने व्हॅट (विक्रीवरचा कर) १५ वरून ८ टक्क्यांवर आणला. लोक एवढंच लक्षात ठेवतात. खरा घाव नोंदणीच्या मर्यादेने घातला. ती वर्षाला १.२ कोटी रुपयांच्या उलाढालीवरून थेट ३० कोटींवर नेली, म्हणजे मधले सगळे व्यापारी कराच्या जाळ्यातून सुटले. महसूल जीडीपीच्या बारा टक्क्यांच्या वर होता, तो २०२१ मध्ये नऊच्याही खाली आला. २०२० मध्ये पतमानांकन (कर्ज फेडायच्या ऐपतीला मिळणारा दर्जा) घसरलं आणि नवे रोखे विकायचा रस्ता बंद झाला. तिथून पुढे मुदतीला येणारा प्रत्येक रोखा गंगाजळीतूनच, म्हणजे परकीय चलनाच्या साठ्यातूनच, भागवावा लागणार होता. ही गंगाजळी २०१९ अखेर सुमारे ७६० कोटी डॉलर होती आणि २०२१ अखेर ३१० कोटींच्या आसपास. त्यातले दीडशे कोटी चीनशी झालेल्या चलन-अदलाबदलीचे, म्हणजे मनात येईल तेव्हा वापरता न येणारे.

अशा वेळी १८ जानेवारी २०२२ ला त्यांनी ५० कोटी डॉलरचा एक रोखा अगदी वेळेवर चुकता केला. ही माझ्या मते सगळ्यांत महागडी चूक. पैसे देऊ नका, आधी सावकारांशी बोलणी करा, असं तिथलेच अर्थतज्ज्ञ ओरडून सांगत होते. त्यातच डॉलरचा अधिकृत भाव २००-२०३ रुपयांवर धरून ठेवलेला. बाहेर त्याहून जास्त भाव मिळत असताना आखातातला कामगार बँकेतून पैसे कशाला पाठवील? हवालामार्गे गेले. बँकांमधून येणारा पैसा २०२० मध्ये ७१० कोटी डॉलर होता, तो पुढच्याच वर्षी ५५० कोटींवर आला.

१२ एप्रिल २०२२ ला परकीय देणी थांबवल्याचं जाहीर झालं. मे महिन्यात अर्थमंत्र्यांनी संसदेत सांगितलं, वापरता येण्याजोगे डॉलर पाच कोटीसुद्धा नाहीत. तेव्हाच्या भावात चाळीस हजार टन डिझेलचं एक जहाज साधारण तेवढ्यालाच पडत होतं. एक जहाज! पुढच्या रांगा तुम्ही टीव्हीवर पाहिल्या असतील. सप्टेंबरात कोलंबोची महागाई ७० टक्क्यांवर टेकली.

इथे हमखास कुणीतरी 'चीनने कर्जाच्या सापळ्यात अडकवून बंदर लाटलं' म्हणत येतो, तेव्हा तोही हिशेब उरकतो. हंबनटोटा बंदर २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या कराराने चिनी कंपनीला दिलं, ११२ कोटी डॉलरला. त्या पैशातून बंदराचं कर्ज फिटलं नाही. ते डॉलर गंगाजळीत आले आणि बंदर बांधायला घेतलेलं चीनच्या एक्झिम बँकेचं कर्ज सरकारच्या वहीत तसंच राहिलं. ते स्वस्त होतं असंही नाही, पहिल्या टप्प्याला ६.३ टक्के व्याज होतं. पण दिवाळं निघालं त्या दिवशी रोखेधारकांचं येणं चीनहून मोठं होतं. सापळा असलाच तर तो एकरकमी मुद्दलाचा होता.

एखाद्या देशाचं बरंवाईट ठरवायचं तर कर्ज-जीडीपीचा आकडा मी शेवटी बघतो. आधी शंभर रुपये महसुलातले व्याजात किती जातात ते. श्रीलंकेत २०२०-२१ मध्ये सत्तरच्या वर जात होते. आपल्या केंद्र सरकारचे २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात सुमारे ३७. मग येत्या बारा महिन्यांत परकीय चलनात किती द्यायचंय आणि गंगाजळीतलं खरंच हातात किती आहे. मग रोख्यांची सरासरी मुदत. केंद्राच्या रोख्यांची बारा-तेरा वर्षांच्या आसपास आहे, म्हणजे सगळे सावकार एकाच सकाळी दारात उभे राहत नाहीत. ३७ हा आकडा काही सुखाचा नाही, पण ते देणं बहुतांश रुपयात आहे आणि घेणारे आपल्याच बँका, विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी.

१९९१ मध्ये आपलेही डॉलर असेच आटले होते. गंगाजळी काही आठवड्यांच्या आयातीपुरती उरली आणि जुलैत रिझर्व्ह बँकेचं ४७ टन सोनं मुंबईहून विमानाने इंग्लंडला गेलं, सुमारे ४० कोटी डॉलरच्या कर्जाला तारण म्हणून. रुपयातलं कर्ज तेव्हाही डोंगराएवढं होतं, पण ते मागायला दारात कुणी आलं नव्हतं.

आता जरा सावरून घेतो, नाहीतर प्रतिक्रियांत जपान येईल. स्वतःच्या चलनातलं कर्ज फुकट नसतं, त्याची किंमत महागाईतून ठेवीदार मोजतो. ग्रीसचं कर्ज युरोत होतं, म्हणजे नावाला स्वतःच्या चलनात, पण नोटा छापणं अथेन्सच्या हातात नव्हतं. २०१२ मध्ये खासगी रोखेधारकांना दर्शनी किमतीच्या निम्म्याहून जास्तीवर पाणी सोडावं लागलं. जपानचं कर्ज जीडीपीच्या २०० टक्क्यांच्या वर असून चालतं, कारण ते येनमध्ये आहे आणि त्याचे जवळपास निम्मे रोखे त्यांची मध्यवर्ती बँकच धरून आहे. पण मार्च २०२४ पासून तिथेही दर वाढू लागलेत. शून्याजवळच्या व्याजाचे जुने रोखे आता चढ्या दराने बदलावे लागतात. श्रीलंकेलाही २०१९ चे ईस्टर बॉम्बस्फोट आणि कोविड यांचा मार बसला होता, सगळा दोष करकपातीचा नाही.

आणि राज्य सरकारांना मात्र तुमची घराची उपमा बरीचशी लागू पडते, हे कबूल. महाराष्ट्राला नोटा छापता येत नाहीत, आणि डोक्यावर केंद्राचं कर्ज असेपर्यंत कलम २९३ प्रमाणे नवं कर्ज काढायला केंद्राची संमती लागते. तिथे तुम्ही 'ऋण काढून सण' म्हणालात तर मी वाद घालणार नाही. राज्यांच्या रोख्यांचे लिलाव रिझर्व्ह बँक बहुधा मंगळवारी करते आणि निकालात प्रत्येक राज्याला किती टक्क्यांनी पैसे मिळाले ते छापते. ते त्याच मुदतीच्या केंद्राच्या रोख्याशी ताडून पाहा, म्हणजे राज्याला किती जास्त व्याज मोजावं लागतं ते कळेल.