आजोबा १९७१ च्या लढाईतले मराठा लाइट इन्फंट्रीचे माजी सैनिक, नंतर गावचे सरपंच आणि दूध संस्थेचे चेअरमन. ८८ व्या वर्षी गेले. वर्षश्राद्धाला त्यांच्यावर पुस्तिका काढायची आहे. सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, फौजेतून आल्यावर सरपंच आणि दूध संस्थेचे चेअरमन झाले, आणि ८८ व्या वर्षी गेले. आधी पानांचा हिशेब करा. त्या काळी शिपाई-नाईक पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून पेन्शनवर यायचा, म्हणजे पस्तिशीच्या आसपास गावात. पुढची पन्नास वर्षं गावातलीच. युद्ध ३ डिसेंबरच्या संध्याकाळी सुरू झालं आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या. त्यामुळे ३२ पानांच्या पुस्तिकेत फौजेला दहा पानं पुष्कळ झाली. बहुतेक स्मरणिकांत याच्या उलट असतं. वीस पानं युद्धाची, तीही कुठूनही उचललेली, आणि सरपंचपदावर 'गावाचा कायापालट केला' एवढं एक वाक्य.

फौजेचा भाग डिस्चार्ज बुकापासून, म्हणजे फौज सोडताना मिळालेल्या सेवापुस्तकापासून, सुरू करा. भरतीची तारीख, पलटण, हुद्दा, ट्रेड (फौजेतलं काम), पदकं, डिस्चार्जची तारीख आणि कारण हे सगळं त्यात असतं. ते आजीच्या ताब्यातून हलवू नका. मोबाइलवर पानापानाचे फोटो काढा आणि परत द्या. फॅमिली पेन्शन, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना), कँटीन कार्ड या प्रत्येक ठिकाणी तेच मागतात. लॅमिनेशन तर अजिबात नको, जुना कागद उष्णतेने खराब होतो आणि पुढे नोंद करायची झाली तर जागा उरत नाही. पुस्तक हरवलं असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी सापडते, आणि मूळ सेवा अभिलेख बेळगावला रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असतो. अर्ज आजीच्या सहीने करा, नातवाच्या सहीवर काम अडतं.

जन्मतारीख १ जून असेल तर जपून. शाळेत घालताना मास्तरांनी लिहिलेली ही तारीख महाराष्ट्रातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची आहे. 'नोंदीप्रमाणे' असा शब्द घाला आणि पुढे चला.

मग पदकं. पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं, भिंग घेऊन उजेडात तिरकं धरलं की वाचता येतं. ब्रासो (पितळेचं पॉलिश) लावू नका, घासून घासून तीच अक्षरं आधी जातात. १९७१ मध्ये तीन गोष्टी वेगळ्या आहेत. संग्राम मेडल त्या युद्धकाळातल्या सेवेचं, आघाडी कुठली हे त्यावरून कळत नाही. पूर्वी स्टार पूर्व आघाडीचा, पश्चिमी स्टार पश्चिम आघाडीचा. घरात 'आजोबा ढाक्याला होते' असं सांगतात आणि पेटीत पश्चिमी स्टार निघतो, हे नेहमीचं आहे. अशा वेळी पेटी खरी. १५ ऑगस्ट १९७२ ला सेवेत असलेल्यांना स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडलही मिळालेलं असतं. ते लढाईचं पदक नव्हे, त्याला 'शौर्यपदक' लिहून बसू नका.

जुनी पत्रं असतील तर पत्ता बघा. 'मार्फत ९९ एपीओ' (एपीओ म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस) म्हणजे पूर्वेकडची पलटण, '५६ एपीओ' म्हणजे उत्तर-पश्चिमेकडची. अंतर्देशीय पत्रावरचा फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का तारखेसकट वाचता आला, तर आजोबा त्या महिन्यात कुठल्या बाजूला होते हे कुणाला विचारावं लागत नाही. मनीऑर्डरच्या पावत्यांच्या तुकड्यांवर दोन ओळींचा निरोप असतो. पुस्तिकेत छापायला त्याच्याइतकं चांगलं काही मिळणार नाही.

'मराठा लाइट इन्फंट्री' एवढ्यावर भागत नाही, बटालियन हवी. पहिली म्हणजे जंगी पलटण, ती पूर्वेला, आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरला होती. तिथल्या ३१ बलुच या पाकिस्तानी पलटणीच्या कमांडरला शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, तर त्याने उत्तरासोबत बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. १० डिसेंबरच्या रात्री लढाई झाली, दुसऱ्या दिवशी जमालपूर पडलं. २ पॅरा ही छत्रीधारी सैनिकांची, पण मूळची मराठ्यांचीच पलटण. ती ११ डिसेंबरला टांगाईलला छत्रीने उतरली आणि पूंगलीचा पूल धरला. 'आजोबांनी ढाक्यात छत्रीने उडी मारली' असं आठवणीत असेल तर जागा टांगाईल करा. मात्र आजोबांची बटालियन यांपैकी नसेल, तर या लढाया त्यांच्या नावावर चढवू नका. आणि ते कुक, ड्रायव्हर किंवा क्लार्क असतील तर तसंच लिहा. पलटणीला रोज दोन वेळचं जेवण आघाडीपर्यंत कसं पोचायचं, हे कुठल्याच स्मरणिकेत सापडत नाही.

'सहा महिने घरी आले नाहीत' आणि 'युद्ध तेरा दिवसांचं' यांत विरोध नाही. पलटणी आधीच काही महिने सीमेवर गेल्या होत्या, आणि नंतर सुमारे ९३,००० युद्धकैद्यांची व्यवस्था लागली.

हुद्द्याची चूक हमखास होते. गावात प्रत्येक माजी सैनिकाला 'मेजर' म्हणतात आणि तेच शीर्षकात छापलं जातं. डिस्चार्ज बुकात 'हवालदार' असेल तर 'हवालदार'च. निवृत्तीनंतर मानद नायब सुभेदारकी मिळाली असेल तर 'मानद' शब्दासकट. वृद्धापकाळाने घरी गेलेल्या माणसाला 'शहीद' किंवा 'हुतात्मा' लिहू नये, 'कै.' पुरे.

आता गावातली पन्नास वर्षं. कष्ट खरे इथेच आहेत. ग्रामपंचायतीचं प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांच्या ठरावांची वही, मागा. मासिक सभा आणि ग्रामसभा, दोन्हींचं. ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) सहज दाखवेल तर उत्तम, नाहीतर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांत उत्तर, झेरॉक्स पानाला दोन रुपये. 'सर्व कागद द्या' असं लिहिलंत तर 'माहिती मोघम आहे' म्हणून परत येईल. वर्ष आणि विषय लिहा: अमुक ते अमुक साल, नळपाणी योजनेचे ठराव. 'सलग पंचवीस वर्षं सरपंच' हे वाक्य याच वहीत पडतं किंवा टिकतं. मध्ये एक टर्म दुसऱ्याची निघते आणि तो माणूस किंवा त्याचा मुलगा प्रकाशनाला पुढच्या रांगेत बसलेला असतो.

वही मिळेना तर कोनशिला वाचा. शाळेची खोली, पाण्याची टाकी, समाजमंदिर, पाझर तलावाचा सांडवा. तारीख, मंत्र्याचं नाव, खाली सरपंचाचं नाव. चुना लावलेला असतो, ओल्या फडक्याने पुसा, अक्षरांवर तारेचा ब्रश फिरवू नका. ७२ च्या दुष्काळानंतर ते परतले असतील, तर त्या वर्षांत रोजगार हमीवर काय काम निघालं हे जुन्या मजुरांना विचारा. खडी फोडणाऱ्या बाईला आठवडी मजुरीचा आकडा सरपंचापेक्षा पक्का आठवतो. दूध संस्थेचं काम सोपं आहे. वार्षिक अहवालात संचालक मंडळ, सभासदसंख्या आणि संकलनाचे लिटर छापलेले असतात. पहिल्या आणि शेवटच्या वर्षाचे आकडे शेजारी छापा, विशेषणं लागत नाहीत.

मुलाखतीत 'आजोबांबद्दल दोन शब्द सांगा' म्हटलं की भाषण मिळतं. सुट्टीवर यायचे तेव्हा कुठल्या स्टेशनावर उतरायचे, तिथून गाव कसं गाठायचे, पहिला पगार किती, तंटा मिटवायला कुठे बसायचे, कुणाचं ऐकायचे, असं विचारा. विरोधी पार्टीतल्या एका माणसाला जरूर भेटा. सोबतचे फौजी आता ऐंशीच्या पुढचे आहेत, सकाळी दहाला जा, अर्ध्या तासात उठा, हवं तर परत जा. पिकलं पान, पुढच्या महिन्यावर टाकू नका.

छपाईचं थोडक्यात. मध्यपिनेची पुस्तिका चारच्या पटीतच होते: २८, ३२, ३६. ए-५ पानावर फोटो धरून दोनशे-सव्वादोनशे शब्द. पासपोर्ट आकाराचे फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे तर 'डॉक्युमेंट' म्हणून, एरवी फोटो दाबला जाऊन छपाईत धुरकट येतो. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकट फोटो काढा. युनिकोडचा मजकूर प्रेसवाल्याच्या फॉन्टमध्ये बदलताना रफार आणि जोडाक्षरं मोडतात, म्हणून शेवटचं प्रूफ कागदावरच तपासा. सैन्यक्रमांक, पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशाचा क्रमांक), आधार किंवा बँकेचं पान फोटोतही दिसू देऊ नका. आजीला फोन करून पेन्शनच्या नावाने फसवणारे त्याचीच वाट बघत असतात.

आणि 'आप्तपरिवार' हे पान मोठ्या काकांकडून आणि आत्यांकडून वेगवेगळं तपासून घ्या. जमालपूरची तारीख चुकली तर कुणी विचारणार नाही, जावयाचं नाव राहिलं तर दहा वर्षं ऐकाल.