माफ केलं म्हणजे परत सही पण करायची का?

ताई, तुझं पत्र वाचलं. आधी सरळ सांगते, दुसऱ्या कर्जाच्या फॉर्मवर सही करू नकोस. बाकीचं आता सावकाश बोलू.

बाबांची मिल बंद पडली तेव्हा नर्सिंगची ॲडमिशन सोडून तू टॉवेलच्या कारखान्यात शिवणीला बसलीस, कडा शिवून शिवून बोटांना घट्टे पडले, त्यातून धाकट्याचा डिप्लोमा झाला. आणि त्याच भावाने "नुसती फॉर्मॅलिटी आहे गं" म्हणत तुला जामीनदार केलं, हप्ते थकवले, आता पतसंस्थेची नोटीस तुझ्या नावावर, आणि हा परत नवा फॉर्म घेऊन दारात. वर आई म्हणते, प्रभूने वधस्तंभावरून मारणाऱ्यांना माफ केलं, तुला सख्खा भाऊ माफ होईना होय? गुड फ्रायडेपासून तू चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीतली भाकर आणि द्राक्षारस, घेतलं नाहीस हे वाचून फार वाईट वाटलं मला.

आईचं वचन खरंय, ते लूकच्या शुभवर्तमानातच आहे. पण त्याच लूकमध्ये १७ व्या अध्यायात येशू म्हणतो की भावाने अपराध केला तर त्याला दोष दाखव आणि पश्चात्ताप केला तर क्षमा कर. दोष दाखवायचा भाग आपल्या घरांत कुणी वाचतच नाही, विशेषतः बहिणीने भावाला काही बोलायची वेळ आली की.

आणि योसेफाची गोष्ट आठव. भावांनी त्याला वीस रुप्याच्या नाण्यांना विकला, आणि विकू या म्हणणारा होता यहूदा. पुढे दुष्काळात तेच भाऊ मिसरात धान्य मागायला आले तेव्हा योसेफाने त्यांना ओळखलं, आतल्या खोलीत जाऊन रडला, धान्य पण दिलं, पण मी कोण ते लगेच सांगितलं नाही, आधी पारखलं, सगळ्यात धाकट्या भावाच्या, बन्यामिनाच्या, गोणीत चांदीचा प्याला ठेवून बघितलं की हे परत धाकट्याला टाकून जातात का. तेव्हा तोच यहूदा पुढे झाला आणि म्हणाला, त्याच्या जागी मला गुलाम ठेवा. मग योसेफ गळ्यात पडून रडला. मनातला राग सोडणं एक, विश्वास टाकणं दुसरं, आणि विश्वासासाठी समोरच्याने बदललेलं दिसावं लागतं. तुझा भाऊ अजून स्वतःच्या खिशातून एक हप्ता भरत नाहीये, आणि कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, पतसंस्था तुलाच धरणार.

वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, हे मत्तयच्या शुभवर्तमानातलं वचन वाचून तू प्रभुभोजन थांबवलंस ना? नीट वाच गं. तिथे ज्याच्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे त्याला उठून जायला सांगितलंय, म्हणजे इथे जायचं तुझ्या भावाने. तुझ्यासाठी मार्कच्या शुभवर्तमानाचा ११ वा अध्याय आहे, प्रार्थनेला उभी राहशील तेव्हा कुणाविरुद्ध काही असेल तर क्षमा कर. हे तुला करायचंच आहे, त्यातून मी तुला सोडवत नाही, एका रात्रीत नाही झालं तरी चालेल, रोज थोडं कर.

अजून एक, जरा कडू लागेल. नर्सिंग सोडलं ते "कुणी सांगितलं नव्हतं, मीच ठरवलं" असं तूच लिहिलंयस. येशू पण म्हणतो की माझा प्राण कोणी घेत नाही, मी आपण होऊन देतो. तू दिलेलं तसंच आपण होऊन दिलेलं होतं, ते भावाच्या नावावर उधारी म्हणून लिहू नकोस, नाहीतर तो कितीही फेडत बसला तरी ते फिटणारच नाही. त्याचा अपराध तुला फसवून घेतलेल्या सहीचा आहे, तेवढाच त्याच्यासमोर ठेव.

पाळकसाहेबांना एखाद्या संध्याकाळी घरी बोलव, आई आणि भाऊ दोघं असताना. नोटीस पुढ्यात ठेव, तो महिन्याला किती भरणार ते कागदावर लिहून घे. आई रडेल, रडू दे, तिला जवळ घे पण बोलणं मध्येच सोडू नकोस. आणि येत्या प्रभुभोजनाला जा, त्याने कागदावर सही केली असो वा नसो.