मुलगा पूलचं पार्लर घ्यायचं म्हणतो

आर्वी तालुक्यातल्या एका गावातून अंगणवाडी सेविका असलेल्या एका आईचं पत्र आलं आहे. घरी पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. मुलगा २० वर्षांचा, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. तालुक्याला बसस्थानकामागे एक पूल पार्लर आहे, म्हणजे टेबलावर काठीने चेंडू मारून खेळायच्या पूल-स्नूकरसारख्या खेळांचा हॉल. अकरावीपासून तो तिथे खेळतो. दोन पूलची टेबलं आणि एक मोठं स्नूकरचं. कोरोनात ते बंद पडलं, नंतर उघडलं पण गिऱ्हाईक परतलं नाही. आता मालक सगळं अडीच लाखांत द्यायला तयार आहे. मुलगा म्हणतो, "मी घेतो, पुन्हा उभं करतो. आणि मला खेळाडूही व्हायचंय." आई लिहितात, "लोकं म्हणतेत तिथं जुगार चालते. पोट्टं बिघडलं तं मी कोणाले तोंड दाखवू? वावरावर पतसंस्थेचं कर्ज काढू का नको, तेवढं सांगा."

ताई,

कर्ज काढू नका. निदान या वर्षी तर नाहीच. पण "तो नाद सोड" असंही मुलाला म्हणू नका. त्याचा ध्यास खरा आहे असं तुमच्या पत्रावरून वाटतं. फक्त त्याने दोन वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या आहेत. खेळाडू होणं वेगळं आणि हॉल चालवणं वेगळं. दोन्हींचा हिशोब निरनिराळा करावा लागतो.

खेळाडू होण्याचं आधी सांगते, कारण तिथे मला स्पष्ट बोलणं भाग आहे. हा खेळ परका नाही. स्नूकर जन्मला तोच मुळी आपल्या शेजारी. नागपूरहून शिवनीमार्गे जाता येतं त्या जबलपूरला, १८७५ साली, नेव्हिल चेंबरलेन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने टेबलावरच्या बिलियर्ड्स प्रकारातल्या जुन्या खेळात रंगीत चेंडू मिसळले आणि नवा खेळ तयार झाला. कोणत्याही खेळात वैयक्तिक जगज्जेतेपद मिळवणारा पहिला भारतीयही याच टेबलावरचा आहे. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कोलकात्यात हौशी बिलियर्ड्सचं जागतिक विजेतेपद जिंकलं. पुढे मायकल फरेरा, गीत सेठी, पंकज अडवाणी अशी नावं येत गेली. एवढ्या जगज्जेत्यांचा हा खेळ आपल्याकडच्या किती शिक्षकांना माहीत असेल, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

पण या खेळाडूंना काय मिळालं होतं तेही मुलाला बघू द्या. अडवाणी बंगळुरूत वाढले. तिथे राज्य संघटनेचा स्वतःचा हॉल होता, अरविंद सवूर यांच्यासारखे गुरू होते, सोबत सराव करायला तयारीचे खेळाडू होते. तुमच्या मुलाला आर्वीत यातलं काही मिळणार नाही. शिवाय ज्युनिअर गट २१ वर्षांखालचा असतो, म्हणजे त्याच्यासाठी ते दार मिटतच आलंय. खुल्या गटात त्याची गाठ मुंबई-पुण्याच्या क्लबांत लहानपणापासून खेळलेल्या मुलांशी पडेल. सरकारी पाठबळही पातळ आहे. १९९८ ते २०१० या चार आशियाई स्पर्धांत हा खेळ होता, त्यानंतरच्या तीन स्पर्धांतून वगळला गेला. ऑलिम्पिकमध्ये तो नाही. पदकांच्या यादीत नसलेल्या खेळाकडे पैसा वळत नाही.

मग खेळणं सोडायचं का? मुळीच नाही. जिल्हा आणि राज्य पातळीवरच्या निवड स्पर्धा त्याने खेळाव्यात. राज्यात बिलियर्ड्स अँड स्नूकर असोसिएशन ऑफ महाराष्ट्र आहे, देशपातळीवर बिलियर्ड्स अँड स्नूकर फेडरेशन ऑफ इंडिया आहे. खेळाडूंच्या भरतीसाठी केंद्र सरकारने जे खेळ मानले आहेत, त्यांत आट्यापाट्या आणि कॅरमच्या जोडीला बिलियर्ड्स-स्नूकरही आहे, तेव्हा राष्ट्रीय स्पर्धेत राज्याकडून खेळल्याचं प्रमाणपत्र वाया जात नाही. राज्याच्या नोकऱ्यांतही खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यातली खेळांची यादी शासन निर्णयानुसार बदलत असते, ती वर्ध्याच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन त्याने स्वतः बघावी. फक्त घर चालवायचा भरवसा या वाटेवर ठेवू नका.

आता हॉलचं. इथे मला जास्त बोलायचंय, कारण तुमच्या मुलाला खरी संधी मिळाली तर ती इथेच मिळेल.

गावोगावचे हे हॉल का बंद पडले? सगळा दोष मोबाइलवर जातो. तो आहेच. पण मी जे हॉल पाहिले, त्यांत बहुतेक ठिकाणी टेबल आधी मेलं आणि गिऱ्हाईक नंतर गेलं. मोठ्या स्नूकर टेबलाची फळी लाकडाची नसते, दगडी स्लेटच्या पाच लाद्या जोडून ती केलेली असते. १२ बाय ६ फुटांचं हे टेबल टनापेक्षा जड भरतं. सांधा किंचित वर-खाली झाला, एका पायाखालची फरशी दबली, की हळू मारलेला चेंडू आपोआप एका बाजूला वाहतो. वरचं कापड लोकरीचं. त्याची लव एका दिशेने असते, त्याच दिशेने ब्रश मारायचा, त्याच दिशेने इस्त्री फिरवायची. कडेचं रबर कालांतराने कडक होतं आणि चेंडू पाहिजे तसा परत येत नाही. हे सगळं बिघडलं की चांगला खेळणारा पोरगा आधी निघून जातो. उरतात ते नुसते वेळ काढायला आलेले.

त्यात आपलं विदर्भाचं हवामान. मे महिन्यात ४५ अंश, म्हणून मालक कूलर लावतो आणि त्याचं तोंड थेट टेबलाकडे करतो. कूलरची ओली हवा लोकरीच्या कापडात मुरते, चेंडू जड चालतो, क्यू म्हणजे खेळायची काठी हातात चिकटते. पावसाळ्यात तेच. कापसाच्या हंगामात हवेत तंतू आणि धूळ, ती कापडावर बसते. रोज ब्रश मारला नाही तर कापड वर्षभरात पार खराब होतं. पुण्या-मुंबईच्या एसी क्लबाचे नियम इथे चालत नाहीत, इथलं टेबल इथल्याच माणसाने सांभाळायला शिकलं पाहिजे.

आणि तो माणूसच नाही. टेबल बसवणं, लेव्हल काढणं, कापड ताणणं, रबर बदलणं, क्यूच्या टोकाला नवी टिप लावणं, हे करणारे फिटर मोठ्या शहरांत असतात. तालुक्याचा मालक एकदा बोलावतो, प्रवासखर्चासकट बिल बघतो आणि पुन्हा बोलावत नाही. गावात मोटर वाइंडिंगवाला नसला तर विहिरीवर नवा पंप बसवून किती दिवस पाणी मिळेल? तसंच हे आहे.

म्हणून माझा सल्ला असा: मुलाने टेबल विकत घेण्याआधी टेबल बांधायला शिकावं. नागपुरात क्लब आहेत, पार्लर आहेत, तिथे काम करणारे फिटर आहेत. बी.कॉम. चालू ठेवून उन्हाळ्याच्या सुटीत, दिवाळीच्या सुटीत एखाद्या फिटरच्या हाताखाली राहायचं. पैसे कमी मिळतील, कधी नुसता चहा-नाश्ता मिळेल. पण हे काम हातात आलं तर त्याचा हॉल चालो न चालो, वर्धा, अमरावती, यवतमाळ जिल्ह्यांतली टेबलं त्याला बोलावतील. क्लबांत, पोलीस-लष्कराच्या मेसमध्ये, रिसॉर्टमध्ये, कंपन्यांच्या वसाहतींत टेबलं असतात आणि सगळ्यांना देखभाल लागते. या खेळात विदर्भातल्या मुलाला पक्की रोजी मिळेल असं मला दिसतं ते हेच काम आहे. टेबल चांगलं राहिलं तर खेळही टिकेल.

तुमच्या जुगाराच्या भीतीकडे येते. ती मी हलकी मानत नाही. पूल किंवा स्नूकर हा कौशल्याचा खेळ आहे, जुगार नव्हे. पण बहुतेक हॉलांत एक रीत असते: हरेल त्याने टेबलाचे पैसे द्यायचे. दिसायला निरुपद्रवी, पण पैज लावायची सवय तिथूनच लागते. आज टेबलाचे ८० रुपये, उद्या वर कोल्ड्रिंक, परवा पाचशेची नोट. आणि जागेत पैजा चालू दिल्या तर जुगार प्रतिबंधक कायद्याखाली जागा चालवणाराही अडकतो. तुमच्या मुलाने पहिल्याच दिवशी ही रीत मोडावी. पैसे वेळेवर आणि दोघांकडून सारखे, किंवा महिन्याची वर्गणी. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावं. काही जुने गिऱ्हाईक तुटतील, तुटू द्या.

सिगारेट, खर्रा आत चालणार नाही हेही तितकंच ठाम हवं. सार्वजनिक जागी धूम्रपानाला २००८ पासून देशभर बंदी आहेच, शिवाय एक जळकी राख पडली की कापडाला भोक पडतं. काळ्या काचा काढून साध्या लावा, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला आत काय चाललंय ते दिसेल. दाराजवळ दोन कॅरम बोर्ड ठेवा. कॅरमला आपल्याकडे घराघरात मान आहे, त्या निमित्ताने आई-बाप आत पाऊल टाकतील.

आणि मुलींचं. दुपारी ३ ते ५ ही वेळ मुलींसाठी राखून ठेवायला त्याला सांगा, तेव्हा मुलांना प्रवेश नको. तो म्हणेल, कोण येणार? सुरुवातीला कोणी येणार नाही. तुम्ही जा. तुमच्या ओळखीच्या बायांना, त्यांच्या मुलींना घेऊन जा. या खेळाला ना उंची लागते ना दांडगाई, लागते ती नजर आणि स्थिर हात. ज्या हॉलात गावातली आई आपली मुलगी पाठवू शकते, त्या हॉलाला पोलिसांची भीती नाही आणि लोकांच्या तोंडाचीही नाही. तालुक्याच्या गावी हे हॉल पुन्हा उभे राहायचे असतील तर याच अटीवर राहतील, असं माझं ठाम मत आहे. पुरुषांचा अड्डा म्हणून ते एकदा चालून झाले आणि संपले.

आता पैसे. तुम्ही लिहिलंय, ताशी ८० रुपये दर आणि जागेचं भाडं ६,०००. तिन्ही टेबलं रोज ४ तास भरली तर दिवसाला ९६०, महिन्याचे २६ दिवस धरले तर २४,९६०. भाडं ६,०००, वीज ३,५०० आणि कापड-क्यूच्या दुरुस्तीसाठी बाजूला २,५०० धरू. हातात १३,००० च्या आसपास राहतात. पण टेबलं रोज दोनच तास भरली तर जमा १२,४८० आणि खर्च तोच १२,०००. महिनाभर राबून ४८० रुपये. एवढा फरक फक्त दोन तासांचा आहे. मालक तोंडी काय सांगतो त्यावर विसंबू नका. मुलाने एक महिना रोज संध्याकाळी तिथे बसून वहीत लिहावं, कोणतं टेबल किती तास चाललं. तोही महिना विचार करून निवडावा. कापसाचे पैसे हातात आले की गर्दी दिसते, पेरणीच्या दिवसांत हॉल ओस पडतो, मार्चमध्ये परीक्षा. एकट्या डिसेंबरचा आकडा बघून वर्षाचा अंदाज बांधला की माणूस फसतो.

वहीत रोजचे सरासरी ३ तास तरी दिसले तर पुढे जा. तेव्हाही विकत घेऊ नका. मालकाला गिऱ्हाईक मिळत नाहीये, तो सहा महिने चालवायला द्यायला तयार होईल. महिन्याला ठरावीक रक्कम आणि सहा महिन्यांनंतर आज ठरलेल्या किमतीत विकत घेण्याचा हक्क, असं स्टॅम्प पेपरवर लिहून घ्या. परवाना कोणाच्या नावावर आहे तेही विचारा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये सार्वजनिक करमणुकीच्या जागांत बिलियर्ड रूमचं नाव घेऊन उल्लेख आहे, तेव्हा पोलीस ठाणं आणि तहसील कार्यालयात चौकशी केल्याशिवाय शटर उघडू नये. जुन्या मालकाच्या नावावरचा परवाना तुमच्या मुलाच्या कामाचा नाही.

सहा महिने नीट गेले आणि मग पैसे लागले तर आधी बँकेत मुद्रा कर्जाची चौकशी करा. शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळतं आणि त्याला तारण लागत नाही. वावर मध्ये आणायचं कारणच उरत नाही. सातबाऱ्यावर बोजा चढवून पूलचं टेबल घेऊ नका ताई, मुलाने कितीही गळ घातली तरी.

बी.कॉम. पूर्ण व्हायलाच हवं. हॉलचा जमाखर्च, जीएसटीची चौकशी, बँकेशी बोलणी, सगळीकडे ते शिक्षण त्याच्या उपयोगी येईल.

एक काम मात्र लगेच करा. मालकाला विसाराचा एक रुपयाही देण्याआधी नागपूरहून फिटर आणून स्नूकरचं टेबल कापड उचलून दाखवा. स्लेटला तडा गेला असेल तर ते टेबल फुकटातही महाग आहे. लाद्या शाबूत असतील तर बाकी सगळं दुरुस्त होतं. त्या दिवशी मुलाला फिटरच्या शेजारी उभं राहू द्या आणि संध्याकाळी त्याला विचारा, काय काय पाहिलंस. तो काय सांगतो ते मला लिहून कळवा.