स्टिकरला जाण्याआधी

मॅसॅच्युसेट्समध्ये गाडी नावावर झाली की ७ दिवसांत इन्स्पेक्शन, म्हणजे गाडीची तपासणी, करून काचेवर पास झाल्याचं स्टिकर लावून घे. पुढे दर वर्षी आहेच. ३५ डॉलर, कुठल्याही गॅरेजात तेवढेच. महिनाअखेरीला मात्र जाऊ नकोस, तेव्हा सगळं गाव रांगेत असतं.

आदल्या दिवशी नंबरप्लेटवरचा बल्बसुद्धा बघ. एवढ्याशा बल्बपायी नापास करतात, आणि तिथे वाद घालून काही होत नाही.

चेक इंजिनचा दिवा लागला असेल, तर कोणीतरी शहाणा सांगेल, ‘बॅटरी काढून लाव.’ दिवा विझतो खरा, पण गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच्या ज्या चाचण्या घेतो, त्यांचे निकालही पुसले जातात आणि तपासणीचं मशीन ‘नॉट रेडी’ म्हणतं. आधी दुरुस्ती कर, मग काही दिवस हायवेवर, गावात अशी चालव, म्हणजे त्या चाचण्या पुन्हा पूर्ण होतील, आणि मगच जा. नापास झालीच, तर ६० दिवसांत त्याच गॅरेजात एक फेरतपासणी फुकट. रिपोर्ट जपून ठेव.